मराठी लिनक्स: टक्केवारी वाढवायची की मोजके भाग अखंड ठेवायचे?

धागाकर्ता

लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीवरचे ग्नोम आणि केडीई हे डेस्कटॉप, तसेच डेबियन आणि फेडोरा ही लिनक्सची वितरणे, या मुक्त प्रकल्पांचे मराठी भाषांतर गेली अनेक वर्षे चालू आहे. त्यातला बराच भार एकेकाळी रेड हॅट कंपनीच्या पुण्यातील कार्यालयात पगारावर काम करणाऱ्या भाषांतरकारांनी उचलला. बाकीचे काम नोकरी किंवा शिक्षण सांभाळून रात्री तासभर बसणाऱ्या स्वयंसेवकांचे आहे. अशा मोजक्या माणसांनी संपूर्ण डेस्कटॉपमधल्या भाषांतरित वाक्यांच्या टक्केवारीमागे धावू नये, तर इन्स्टॉलर (प्रणाली संगणकावर बसवणारा प्रोग्राम), सेटिंग्ज, फाइल व्यवस्थापक आणि अपडेटच्या सूचना एवढेच भाग निवडून ते प्रत्येक आवृत्तीत पूर्ण ठेवावेत आणि बाकीचे तूर्त बाजूला ठेवावेत, असे माझे मत आहे.

याचे कारण कामाच्या रचनेतच आहे. प्रोग्राममधली इंग्रजी वाक्ये गेटटेक्स्ट या व्यवस्थेतून पीओ नावाच्या भाषांतराच्या फाइलमध्ये येतात आणि प्रत्येक वाक्याखाली आपण मराठी लिहितो. मूळ प्रोग्रामरने पुढे त्या वाक्यातला एखादा शब्द बदलला, की जुने भाषांतर ‘फझी’ म्हणजे संशयित ठरते, आणि कोणी ते तपासून खूण काढेपर्यंत वापरणाऱ्याला पडद्यावर इंग्रजीच दिसत राहते. ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास येते. त्यामुळे मोठ्या उत्साहाने शंभर टक्क्यांवर नेलेले भाषांतर दोन-तीन वर्षे कोणी हात लावला नाही, तर काहीही न बिघडता आपोआप अपुरे होते. अनेक भाषांच्या चमू याच घसरणीत दमून गेल्या आहेत.

डेबियनने यावर विचारपूर्वक तोडगा काढला आहे. त्यांच्या इन्स्टॉलरचा मजकूर महत्त्वानुसार पातळ्यांमध्ये विभागलेला असतो. जवळजवळ प्रत्येकाला दिसणारी वाक्ये पहिल्या पातळीत आणि क्वचित कोणाला दिसणारी पुढच्या पातळ्यांत. नवख्या माणसाला कुठून सुरुवात करावी हे त्यावरून आपोआप कळते. आपण हीच शिस्त पूर्ण डेस्कटॉपला लावावी.

प्रतिसाद १

आपल्या निदानाशी मी सहमत आहे, उपायाशी नाही. ग्नोमच्या प्रकाशन-टिपणांत अनेक वर्षे किमान ८० टक्के वाक्यांचे भाषांतर झालेल्या भाषाच समर्थित म्हणून मोजल्या गेल्या. चार भाग पूर्ण ठेवून बाकीचे सोडले, तर मराठी या रेषेच्या खाली राहील आणि संगणक घेणाऱ्या संस्थेला आपण काय दाखवणार?

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे वापरणाऱ्याचा अनुभव. सेटिंग्ज मराठीत, त्यातून उघडणारी मुद्रणाची चौकट इंग्रजीत आणि चूक दाखवणारा संदेश अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा, असे झाले की माणूस आठवड्याभरात भाषा बदलून इंग्रजीवर जातो आणि पुन्हा मराठीकडे वळत नाही.

शिवाय स्वयंसेवक म्हणजे नोकर नव्हेत. एखाद्या विद्यार्थ्याला बुद्धिबळाच्या प्रोग्रामचे भाषांतर करावेसे वाटते, म्हणून तो या कामात येतो. त्याला पहिल्याच दिवशी ‘हे यादीत नाही’ असे सांगितले, तर तो अपडेटच्या सूचनांकडे वळणार नाही, तो निघून जाईल.

प्रतिसाद २

दोन्ही बाजू माणसांची टंचाई गृहीत धरून बोलत आहेत. फेडोराचे भाषांतर २०२० पासून वेबलेट या ब्राउझरमधून भाषांतर करण्याच्या व्यवस्थेवर चालते आणि तिथे यंत्राने केलेली भाषांतरे सूचना म्हणून समोर ठेवण्याची सोय आहे. आजची भाषा-प्रारूपे, म्हणजे मजकूर लिहिणारे एआय प्रोग्राम, मराठी बऱ्यापैकी लिहितात. उरलेली सगळी वाक्ये यंत्राकडून भरून घ्यावीत आणि माणसांनी फक्त तपासावे. टक्केवारीचा प्रश्नही सुटेल आणि चार भागांचाही.

धागाकर्ता

यंत्राचा मसुदा घेण्यास माझा विरोध नाही. तो न पाहता स्वीकारण्यास आहे, आणि हजारो वाक्ये एकदम भरली की नेमके तेच होते. या वाक्यांचे स्वरूप लक्षात घ्या. पुष्कळ वाक्यांत एक रिकामी जागा असते आणि प्रोग्राम चालू असताना तिथे कधी फाइलचे, कधी फोल्डरचे, कधी शहराचे नाव भरले जाते. इंग्रजीत त्यामुळे बाकीचे वाक्य बदलत नाही. मराठीत मात्र फाइल हटवली जाते आणि चित्र हटवले जाते. आणि वेळक्षेत्र निवडताना कोलकाता या नावाला प्रत्यय लावायचा, तर ‘कोलकात्यात’ असे सामान्यरूप करावे लागते, जे रिकाम्या जागेत आपोआप होऊ शकत नाही. यावर उपाय एकच, तो म्हणजे वाक्याची बांधणी बदलणे, म्हणजे नाव वेगळे ठेवून क्रिया वेगळी सांगणे. आणि त्या जागी काय येणार हे कळण्यासाठी प्रोग्राम प्रत्यक्ष चालवून पाहावा लागतो किंवा मूळ प्रोग्रामरला टीप लिहायला सांगावे लागते. सुटे वाक्य वाचून उत्तर देणाऱ्या यंत्राला यातले काहीच दिसत नाही.

म्हणूनच मी थोड्या भागांचा आग्रह धरतो. चार प्रोग्राम चालवून, प्रत्येक चौकट उघडून पाहणे तीन-चार माणसांना जमते. दीडशे प्रोग्राम पाहणे जमत नाही, आणि न पाहिलेले मराठी वापरणाऱ्याला इंग्रजीपेक्षाही परके वाटते. बुद्धिबळाचा प्रोग्राम करू इच्छिणाऱ्याला मात्र कोणी अडवू नये, हा पहिल्या प्रतिसादातला मुद्दा मला मान्य आहे. यादी चमूच्या सामाईक वेळेसाठी असावी, व्यक्तीच्या हौसेसाठी नव्हे.

प्रतिसाद ३

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत संगणक शिकवते आणि मला ही सगळी चर्चा एका पायरीने पुढची वाटते. हे भाषांतर वापरणार कोण, हा प्रश्न आधीचा आहे. केरळमध्ये आयटी ॲट स्कूल या सरकारी प्रकल्पाने, ज्याचे काम आता काइट ही संस्था पाहते, शाळांत मुक्त सॉफ्टवेअर नेले. आणि स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग या समूहाच्या स्वयंसेवकांनी फॉन्टपासून टंकलेखनापर्यंतची कामे हाती घेतली. तिथल्या कामाला वर्गात बसलेला वापरकर्ता मिळाला. आपल्याकडे लोहित फॉन्ट आहेत, इनस्क्रिप्ट कळफलक आहे, सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ मध्ये आणलेली बॉस लिनक्सही आहे. पण आमच्या प्रयोगशाळेतल्या संगणकांवर लिनक्स असूनही मेनू इंग्रजीच ठेवावे लागतात, कारण प्रशिक्षणाच्या पुस्तिकेतली सगळी चित्रे इंग्रजी मेनूंची आहेत. ‘तिसऱ्या मेनूतला दुसरा पर्याय’ असे सांगून किती दिवस शिकवणार? मराठी पडद्यांची चित्रे असलेली एक चांगली पुस्तिका मला दोन हजार वाक्यांच्या भाषांतरापेक्षा अधिक उपयोगाची आहे.

प्रतिसाद १

पुस्तिकेचा मुद्दा बिनतोड आहे, परंतु त्यातून माझीच बाजू भक्कम होते. पडद्यांची चित्रे घ्यायची तर पडदे पूर्ण मराठीत हवेत, आणि पुढच्या आवृत्तीतही ते तसेच राहायला हवेत.

प्रतिसाद ३

पूर्ण हवेत, पण कोणते? धागाकर्त्यांची यादी भाषांतरकाराच्या खुर्चीतून केलेली आहे. इन्स्टॉलर मुलांना कधी दिसतच नाही. तो मी एकटी वर्षातून एकदा, सुट्टीत चालवते. सेटिंग्जला हात लावू नका असे आम्हीच सांगतो. मुले रोज उघडतात ते लिब्रेऑफिस रायटर हा लेखनाचा प्रोग्राम, चित्र काढण्याचा प्रोग्राम आणि फाइल जतन करण्याची चौकट. यादी करायचीच असेल तर या तिघांपासून करा. जून महिन्यात शाळा उघडण्यापूर्वी एवढे पडदे तपासून झाले, तर पुस्तिकेची चित्रे मी आणि माझ्या शेजारच्या शाळेतले शिक्षक मिळून घेऊ, आणि जे पर्याय मुलांना कळत नाहीत त्यांची नोंद वर्गातूनच तुमच्याकडे येईल.