शब्दचर्चा: ‘फाईलमध्ये लिहिणे’ म्हणजे नेमके काय करणे?

मूळ प्रश्न (नौपाडा, ठाणे)

मराठी माध्यमात शिकलेल्या काही मुलामुलींना मी दर रविवारी पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते आणि त्यासाठीची टिपणेही मराठीतच लिहिते. फायलींविषयीच्या टिपणात माझे एक वाक्य असे होते: ‘फाईलमध्ये लिहायचे असेल, तर ओपन या फंक्शनला डब्ल्यू हे अक्षर द्यावे.’ त्यावर विसंबून एका विद्यार्थिनीने घोडबंदर रस्त्यावरील आपल्या गृहसंस्थेसाठी, रोज येणाऱ्या पाण्याच्या टँकरांची वेळ आणि संख्या नोंदवणारा छोटा प्रोग्राम तयार केला. एप्रिल आणि मे असे दोन महिने तिने एकही दिवस न चुकवता नोंदी केल्या. जूनमध्ये संस्थेच्या सभेसाठी तिने ती फाईल उघडली, तेव्हा तीत केवळ शेवटच्या दिवसाची एक ओळ शिल्लक होती. पहारेकऱ्याच्या वहीत सर्व नोंदी होत्या म्हणून हिशेब लागला, पण ती मुलगी फार खट्टू झाली.

प्रोग्रामने तिला कोणतीही सूचना दिली नव्हती, कारण त्याच्या दृष्टीने सर्व काही नियमानुसार चालले होते. डब्ल्यू दिले की त्या नावाची जुनी फाईल रिकामी होते. माझ्या वाक्यात मात्र रिकामे होण्याचा उल्लेखच नव्हता. ‘वहीत लिही’ असे सांगितल्यावर वहीतली आधीची पाने फाडून टाकावीत, असे कोणाही मराठी माणसाच्या मनात येणार नाही. म्हणून ही चूक मी तिची मानत नाही, माझ्या शब्दयोजनेची मानते.

माझा विचार असा आहे की, हा भेद मराठीत विभक्तीने दाखवता येईल. ‘पत्र लिहिले’ आणि ‘पत्रात लिहिले’ या दोन वाक्यांत पहिल्याने संपूर्ण पत्र निर्माण होते, तर दुसऱ्याने पत्रातील एखादा मजकूर कळतो. त्याच न्यायाने डब्ल्यूसाठी ‘फाईल लिहिणे’ आणि जुन्या मजकुरापुढे भर घालणाऱ्या ए या अक्षरासाठी ‘फाईलमध्ये लिहिणे’ असे म्हटले, तर पुरेसे होईल का? ‘ए’च्या क्रियेसाठी ‘जोडणे’, ‘भर घालणे’ आणि ‘पुस्ती जोडणे’ हे पर्यायही माझ्यासमोर आहेत.

प्रतिसाद (कळवा)

बाईंचा प्रश्न मला जवळचा वाटला, कारण माझी सारी नोकरी सरकारी कार्यालयात फायली हाताळण्यात गेली. शासनव्यवहारात फाईलला ‘नस्ती’ म्हणतात आणि काही ठिकाणी ‘धारिका’ हा शब्दही चालतो. त्यामुळे कोणीतरी हे शब्द सुचवील, म्हणून आधीच सांगतो की संगणकाच्या फाईलसाठी ते घेऊ नयेत. नस्तीत एका बाजूला टिपणी असते, दुसऱ्या बाजूला पत्रव्यवहार असतो, आलेला प्रत्येक कागद क्रमाने लावला जातो आणि पानांना क्रमांक घातले जातात. नस्ती वाढत जाते. जुना मजकूर पुसून तीत नवा लिहिण्याची कल्पनाच आमच्या कामात गैर होती. म्हणजे नस्तीचा स्वभाव फक्त आपल्या ‘ए’शी जुळतो. शिवाय ‘प्रकरण नस्तीबद्ध करावे’ असा शेरा पडला, की ते प्रकरण संपले असा अर्थ होतो. उद्या कोणी ‘सेव्ह’ करण्याला ‘नस्तीबद्ध करणे’ म्हटले, तर आमच्या पिढीला काम थांबवल्यासारखे वाटेल. ‘फाईल’ हा शब्द ‘ती फाईल, त्या फायली’ असा मराठी होऊन बसला आहे, तो तसाच राहू द्यावा.

‘पुस्ती जोडणे’ मला रुचत नाही. दुसऱ्याच्या बोलण्याला दुजोरा देताना किंवा खुलासा करताना आपण पुस्ती जोडतो. टँकरची रोजची नोंद ही कालच्या नोंदीची पुस्ती नव्हे.

प्रतिसाद (ऐरोली)

खाडीपलीकडून एक तांत्रिक दुरुस्ती सुचवतो, आणि तिच्यावरच शब्दाची निवड अवलंबून आहे असे मला वाटते. जुना मजकूर लिहिताना पुसला जात नाही, तो फाईल उघडतानाच पुसला जातो. ओपनला डब्ल्यू देऊन पुढे एक अक्षरही लिहिले नाही, तरी फाईल रिकामी झालेली असते. विंडोजच्या अनेक संगणकांवर याचा फार वाईट अनुभव येतो. अक्षरे संगणकात कोणत्या आकड्यांनी साठवायची हे ठरवणारी यूटीएफ-८ ही संकेतप्रणाली स्पष्टपणे सांगितली नसेल, तर तेथे पायथॉन बहुधा देवनागरी न जाणणारी जुनी संकेतप्रणाली गृहीत धरते. मग ‘ठाणे’ हा शब्द लिहिण्याच्या क्षणी चूक दाखवून प्रोग्राम थांबतो. नवे लिहिले जात नाही आणि जुने तर त्याआधीच गेलेले असते. म्हणून ‘फाईल लिहिणे’ आणि ‘फाईलमध्ये लिहिणे’ हा बाईंचा भेद भाषेच्या दृष्टीने सुंदर असला, तरी तो चुकीच्या क्रियापदावर बसतो. भेद ‘लिहिणे’ या शब्दात नसून ‘उघडणे’ या शब्दात आहे. डब्ल्यूला मी ‘कोरी करून उघडणे’ म्हणेन. कोरी वही, कोरा कागद हे शब्द मुलांच्या तोंडचे आहेत आणि ‘करून’ या शब्दामुळे आधी काय घडते ते लपत नाही.

ओपनला आर (वाचण्यासाठीचे अक्षर) आणि त्यापुढे अधिकचे चिन्ह दिले की तिसराच प्रकार होतो, त्यालाही नाव हवे. तेथे फाईल रिकामी होत नाही आणि मजकूर शेवटी जोडलाही जात नाही. नवा मजकूर जुन्यावर सुरुवातीपासून चढतो. समजा, फाईलमध्ये ‘डोंबिवली’ एवढाच शब्द आहे आणि आपण ‘कळवा’ लिहिले. संगणकाच्या लेखी ‘डोंबिवली’ या शब्दात ८ चिन्हे आहेत, कारण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही प्रत्येक स्वतंत्र खूण मोजली जाते. ‘कळवा’ या शब्दात ४ आहेत. पहिली ४ चिन्हे बदलतात आणि उरलेली तशीच राहतात, त्यामुळे ‘कळवा’ला लागून एक निराधार ऱ्हस्व वेलांटी आणि ‘वली’ असा मजकूर दिसतो. हे ‘वरून लिहिणे’ आहे. इंग्रजीत डब्ल्यूच्या क्रियेलाही पुष्कळदा याच अर्थाचा ‘ओव्हरराईट’ हा शब्द वापरतात, पण मराठीत आपण ‘वरून लिहिणे’ केवळ या प्रकारासाठी राखून ठेवावे.

ता. क. बफर म्हणजे काय, असे आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलांनी विचारले, तर मी दुकानातील कच्च्या वहीचा दाखला देतो. दिवसभराची विक्री आधी कच्च्या वहीत टिपली जाते आणि मग रोजकीर्दीत चढते. राईट हे फंक्शन पुष्कळदा कच्च्या वहीतच टिपते; ती भरली, फाईल बंद केली किंवा फ्लश सांगितले, की मजकूर पुढे जातो. तोही ऑपरेटिंग सिस्टिमकडे जातो, थेट डिस्कवर पोचेलच असे नाही. त्यासाठी निराळी आज्ञा द्यावी लागते.

प्रतिसाद (वाशी)

मी मराठी शिकवते, त्यामुळे मला ‘वाचणे’ या क्रियापदाविषयी बोलावेसे वाटते. चर्चेत त्याच्याकडे अजून कोणाचे लक्ष गेलेले नाही. ‘प्रोग्रामने फाईल वाचली’ आणि ‘दुसरी प्रत होती म्हणून फाईल वाचली’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. हिंदीत पोथी ‘बाँचना’ आणि संकटातून ‘बचना’ असे दोन वेगळे शब्द राहिले. मराठीत दोन्हींचे रूप एकच झाले. एरवी संदर्भाने अर्थ कळतो, परंतु फायलींच्या टिपणात वाचन आणि बचाव हे दोन्ही विषय शेजारी शेजारी येतात, म्हणून तेथे कर्ता गाळू नये. ‘फाईल वाचली का?’ असे न लिहिता ‘प्रोग्रामने फाईल वाचली का?’ असे लिहावे, आणि दुसऱ्या अर्थासाठी ‘सुरक्षित राहिली’ म्हणावे. ‘सेव्ह’साठी ‘जतन करणे’ आता रुळले आहे, ‘वाचवणे’ टाळावे.

‘क्लोज’ची गोष्ट अशीच आहे. पुस्तक आपण मिटतो, त्यामुळे ‘फाईल मिटणे’ हा शब्द मला प्रथम फार आवडला होता. परंतु ‘मिटवणे’ म्हटले की भांडण मिटते किंवा अक्षर पुसले जाते. जेथे मजकूर पुसला जाण्याचीच भीती आहे, तेथे तो शब्द नको. ‘बंद करणे’ साधे आहे आणि पुरेसे आहे.

एकदा वाचलेली फाईल पुन्हा वाचू पाहिली तर रिकामे उत्तर का येते, हे मुलांना सांगताना ‘बोट’ हा शब्द उपयोगी पडेल. लहान मुले ओळीखाली बोट ठेवून वाचतात. वाचून संपल्यावर बोट शेवटी असते, आणि सीक ही आज्ञा ते हवे तेथे नेऊन ठेवते.

मूळ लेखिका (नौपाडा, ठाणे)

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. विभक्तीवरची माझी भिस्त चुकीच्या जागी होती, हे ऐरोलीच्या प्रतिसादावरून पटले. काल मी स्वतः डब्ल्यू देऊन एक फाईल उघडली, काहीही न लिहिता बंद केली, आणि तिचा आकार शून्य झालेला पाहिला. कळव्याच्या काकांचे ‘पुस्ती’विषयीचे म्हणणेही मान्य आहे, मी ‘पुढे लिहिणे’ स्वीकारते, कारण हिशेबाच्या वहीत आपण कालच्या ओळीच्या पुढेच लिहितो. ‘भर घालणे’ वाईट नाही, पण त्यातून जागा कळत नाही. मजकूर मध्ये पडला की शेवटी, हा प्रश्न उरतो.

टिपणातील वाक्य आता असे राहील: ‘डब्ल्यू दिल्यास त्या नावाची फाईल कोरी करून उघडली जाते आणि तीतील आधीचा सर्व मजकूर त्याच क्षणी जातो, आधीचे ठेवून पुढे लिहायचे असेल तर ए द्यावे, आणि त्या नावाची फाईल आधीच असेल तर तिला हातही लागू नये, अशी इच्छा असेल तर एक्स द्यावे, म्हणजे पायथॉन फाईल न उघडता चूक दाखवील.’ एक्स मी आजवर शिकवलेच नव्हते. येत्या रविवारी वर्गाची सुरुवात त्यापासून करणार आहे, आणि टँकरच्या नोंदींचा प्रोग्राम त्या विद्यार्थिनीकडूनच सर्वांसमोर दुरुस्त करून घेणार आहे.