कॉलेजचे कॅम्पस बघताना तुलना कशी करावी?

प्रश्न: तीन-चार कॉलेजांची यादी ठरली आहे. अभ्यासक्रमांची तुलना कागदावर झाली, आता प्रत्यक्ष बघायला जायचं आहे. एका फेरीत काय काय बघावं? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १: आधी दिवस नीट निवडा. सुट्टी, परीक्षा आणि कार्यक्रमांचे दिवस टाळून नेहमीची लेक्चर्स चालू असतील तेव्हा जा. दिवसाला दोनच कॅम्पस. तिसऱ्यापर्यंत पाय थकतात आणि चांगली जागासुद्धा रटाळ वाटू लागते.

कॉलेजची माणसं फिरवतात तो रस्ता ठरलेला असतो: फाटक, हिरवळ, नवी इमारत. तो झाला की तासभर आपले आपण फिरा. हॉस्टेलच्या दारापासून वर्गापर्यंत घड्याळ लावून, रोजच्या चालीने चाला. ४०० मीटरला साधारण ५ मिनिटं लागतात. दोन लेक्चरांमध्ये १० मिनिटांचीच सुट्टी असेल आणि इमारती किलोमीटरभर लांब असतील, तर रोज उशीर ठरलेला. वाटेत चढ किती, सावली किती, पावसात डोक्यावर छप्पर कुठपर्यंत, हेही टिपून ठेवा.

प्रतिसाद २: +१. दर्शनी रूपावरून मत बनवू नका. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा हार्कनेस टॉवर मध्ययुगातला वाटतो, पण त्याचं बांधकाम १९१७ ते १९२१ या काळातलं आहे. माझ्या मते इमारतींपेक्षा त्यांच्या मधल्या जागा जास्त सांगतात. लेक्चर सुटायच्या ५ मिनिटं आधी मुख्य चौकात जाऊन २० मिनिटं बसा, फोन खिशात ठेवून. मुलं थांबून बोलतात की तडक फाटकाकडे निघतात? टेकायला कठडे, पायऱ्या, झाडाचा पार आहे का? अहमदाबादच्या आयआयएममध्ये वास्तुविशारद लुई कान यांनी विटांच्या कमानींचे सावलीचे व्हरांडे ठेवले, ते केवळ ये-जा करण्यासाठी नाही. वर्गाबाहेरच्या गप्पाही शिक्षणच, हा विचार त्यामागे होता. उलट उघडी मोठी हिरवळ फोटोत छान दिसते, पण भर उन्हात तिथे कोण बसणार?

प्रश्नकर्ता: धन्यवाद! फोटोंचं काय करावं? नंतर सगळे एकमेकांत मिसळतात.

प्रतिसाद १: पहिला फोटो कॉलेजच्या नावाच्या पाटीचा. मग प्रत्येक ठिकाणी त्याच १० गोष्टी, त्याच क्रमाने: वर्ग, प्रयोगशाळा, हॉस्टेलची खोली, जिना, नोटीस बोर्ड वगैरे. वाइड लेन्स वापरू नका, तिच्यात लहानसं अंगणही मैदानाएवढं दिसतं. कॅम्पसला द्यायचे गुण फाटकाबाहेर पडल्या पडल्या लिहा आणि शेजारी त्या वेळचं हवामानही. एक कॅम्पस स्वच्छ उन्हात आणि दुसरा पावसात बघितला, तर मनातली तुलना इमारतींची न राहता आभाळाची होते.

प्रतिसाद ३: दोन गोष्टी राहिल्या. सर्वांत जुन्या इमारतीतलं, वरच्या मजल्यावरचं स्वच्छतागृह बघा. देखभालीची खरी स्थिती तिथे कळते. आणि अंधार पडल्यावर ग्रंथालयापासून हॉस्टेलपर्यंत एकदा चाला. दोन दिव्यांच्या मधे समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखू येत नसेल, तर त्या वाटेवर उजेड पुरेसा नाही.