मदत हवी आहे: आर२२ हेलिकॉप्टर, सोलो (एकट्याने उड्डाण) आणि गस्टी वारा (अचानक झोत येणारा). वाऱ्याची मर्यादा नक्की कशी धरायची?

कॅलिफोर्नियात रॉबिन्सन आर२२ वर शिकतोय. एकूण ६२ तास, सगळे याच हेलिकॉप्टरवरचे. अवेअरनेस ट्रेनिंग (या हेलिकॉप्टरच्या धोक्यांची ओळख) झालंय. मेटार (विमानतळाचा हवामान अहवाल) असा: वारा ०३० अंशांवरून १६ नॉट, गस्ट २८. मर्यादा वाऱ्याला २५ नॉट, गस्टच्या फरकाला १५. १६ हे २५ च्या आत, फरक १२ म्हणजे १५ च्याही आत. मग सोलोला हरकत आहे का? आणि वाटेत धक्के लागले तर वेग किती ठेवायचा?

प्रतिसाद १:
जाऊ नका. २५ नॉटची मर्यादा गस्ट धरून आहे, सरासरी वाऱ्यावर नाही. तुमचा आकडा २८. गस्टचा फरक १५ च्या वर नको ही अट वेगळी; एक मोडली तरी उड्डाण बंद. सूट मिळायला हेलिकॉप्टरचे २०० तास, त्यातले ५० आर२२ वर, आणि ते ट्रेनिंग, तिन्ही लागतात.

तुमचा वारा सांता आनाचा (वाळवंटाकडून समुद्राकडे येणारा कोरडा वारा) दिसतो. आकाश लख्ख, ढगाचा मागमूस नाही, आणि काहोन खिंडीच्या (तो वारा डोंगरातून उतरतो ती जागा) खाली हवा घुसळलेली. डोंगराची वाऱ्याआडची बाजू टाळाच.

मध्यम टर्ब्युलन्समध्ये (हवेच्या धक्क्यांत) अचानक सापडलात तर वेग ६० नॉट ते व्हीएनईच्या (कधीही न ओलांडायचा वेग) ०.७ पट. खालच्या उंचीवर व्हीएनई १०२, म्हणजे वरची हद्द ७१. उंचीबरोबर व्हीएनई घटते, तशी हीही खाली येते. पण ५७ च्या खाली कधीच नाही. पट्टा आवळा, उजवा हात कोपरापासून मांडीवर टेकवा, नाहीतर धक्क्याबरोबर सायक्लिक (रोटर हव्या त्या दिशेला झुकवणारा दांडा) आपोआप हलतं. उंची आणि वेग थोडे मागेपुढे होऊ द्या. एकटे असताना हेलिकॉप्टर हलकं असतं, म्हणून धक्क्यांनी जास्त हेलकावतं.

मूळ प्रश्नकर्ता:
लो-जीमध्ये (क्षणभर वजन नसल्यासारखं होतं तेव्हा) हेलिकॉप्टर उजवीकडे कलंडलं तर डावं सायक्लिक का नाही द्यायचं?

प्रतिसाद २:
कारण त्या क्षणी रोटरवर भारच नसतो. टेल रोटरचा जोर मात्र चालूच, तोही गुरुत्वमध्याच्या वर, म्हणून सांगाडा उजवीकडे वळतो. डावं सायक्लिक दिलंत की फक्त रोटरची चकती डावीकडे झुकते, सांगाडा मागून येत नाही, आणि दोन पात्यांचा हब (पाती जोडणारा मधला भाग) मास्टवर (रोटरच्या उभ्या दांड्यावर) आपटतो. मास्ट तुटू शकतो. आधी सायक्लिक हलकेच मागे, रोटरवर भार येऊ द्या, मग कलंडणं सरळ करा. सराव म्हणून मुद्दाम लो-जी करणं मना आहे. जमिनीवरच तोंडपाठ करा.

उतरल्यावरही सावध राहा. रोटर मंदावला की गस्टने पाती फडफडतात. फिरणं लवकर थांबावं म्हणून कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा) उचलू नका, पातं टेलकोनवर (शेपटीच्या नळीवर) बसतं. मिक्श्चर (इंधन तोडून इंजिन बंद करायची कळ) ओढल्यावर ३० सेकंद थांबून मगच रोटर ब्रेक.