आजीच्या अक्षरातलं पत्र

(कुटुंबाच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात झालेलं बोलणं. सगळ्यांना विचारून इथे ठेवत आहे.)

रविवार

सुमन आत्या: सकाळी मला आईच्या अक्षरात शुभेच्छा आल्या. "चि. सुमन, अनेक आशीर्वाद. दुसऱ्यांसाठी खूप केलंस, आता स्वतःची काळजी घे." फोन हातात धरून रडले मी. वाटलं, आईचा हात सुधारला. लगेच सांगलीला फोन लावला, तर आई म्हणाली, "मी कुठे काय लिहिलं?" ओंकार, हे तू केलंस का?

ओंकार: हो आत्या, मीच. आजीच्या दोन जुन्या पत्रांचे फोटो एका ॲपमध्ये टाकले, मजकूर टाइप केला आणि त्याने चित्र करून दिलं. साठीच्या दिवशी तुला आनंद व्हावा एवढंच मनात होतं. खाली 'हे ओंकारने केलं' असं लिहायला हवं होतं, ते लिहिलं नाही. चुकलो. माफ कर.

सुमन आत्या: राग आलाय, लपवत नाही. अक्षर आईचं आणि शब्द तुझे, हे मला सहन होत नाही. 'स्वतःची काळजी घे' असं आई कधी लिहीत नाही. ती लिहिते, गुडघ्याला तेल लावतेस ना, रात्री ताक पिऊ नकोस.

शर्वरी: आई, तू म्हणतेस ते बरोबर आहे. पण ओंकार, मला ते चित्र बघून इथे न्यू जर्सीत भरून आलं, हेही खरं. आजीचं शेवटचं पत्र मला २०२२च्या दिवाळीत आलं होतं.

विनायक काका: मी ते चित्र मोठं करून बघितलं. ताई, ते आईचं अक्षर नाहीच. 'काळजी'तला ळ सरळ छापील आहे, बाकीच्या अक्षरांत उपरा दिसतो. आणि 'दुसऱ्यांसाठी' नीट बघ. आई र ला य जोडताना आडवी चंद्रकोर काढते. या चित्रात य च्या डोक्यावर रफार बसलाय. तो उच्चारच वेगळा. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या.

ओंकार: काका, हे मला दिसलंच नव्हतं. आत्ता बघितलं. अगदी तसंच आहे.

मेधा काकू: ओंकार, आईंची पत्रं तू कुठल्या तरी ॲपवर चढवलीस, ती आता कुठे आहेत? त्या पत्रांत घरातल्या गोष्टी असतात.

ओंकार: त्यांच्या सर्व्हरवर. खातं बंद करून फोटो काढून टाकायची विनंती केली आहे. पुन्हा असं चढवणार नाही.

सोमवार

बाबा: काल रात्री आईला सगळं वाचून दाखवलं. ती रागावली नाही. बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "मला खरंच लिहिता येईल का रे त्यातून?" दोन वर्षांपासून उजवा हात इतका कापतो की वाटी धरवत नाही. दर दिवाळीला अकरा घरांना पत्रं जायची, ती थांबली याचंच तिला जास्त वाटतं. फोन येतात सगळ्यांचे, पण तिचं म्हणणं, फोनवर बोललेलं राहत नाही.

सुमन आत्या: हे मला कधी बोलली नाही.

बाबा: मलाही काल पहिल्यांदाच बोलली.

ओंकार: बाबा, येईल. पण ॲपने नाही, आपण घरीच करायचं. जरा लांब लिहितो.

इंग्रजीसाठी हे सोपं आहे. एका कागदावर चौकटी असतात, मोठी-लहान मिळून ५२ अक्षरं, अंक आणि चिन्हं भरायची, कागद स्कॅन करायचा, फाँट तयार. आपल्याकडे नुसती बाराखडी धरली, क्ष आणि ज्ञ सकट ३६ व्यंजनं गुणिले १२, तरी ४३२ आकार होतात. जोडाक्षरं त्यानंतर. म्हणून अक्षर वेगळं, काना-मात्रा वेगळी घेऊन जोडावी लागते, आणि जोडणीतच हात हरवतो. पहिली वेलांटी टाइप होते अक्षरानंतर, दिसते अक्षराआधी. तिची वरची कमान अक्षराच्या रुंदीप्रमाणे ताणावी लागते: 'रि'ची छोटी, 'कि'ची मोठी, 'स्त्रि'ची आणखी मोठी. र तर चार ठिकाणी चार रूपं घेतो. अर्क, चक्र, राष्ट्र, सुऱ्या. प्रत्येक रूप आजीच्या हातचं हवं.

आणि नमुने बघून शिकणाऱ्या यंत्रांचं म्हणाल, तर टाइप केलेल्या मजकुराचं हस्ताक्षर करणारं संगणकी जाळं (न्यूरल नेटवर्क) ॲलेक्स ग्रेव्हज या संशोधकाने २०१३ मध्ये दाखवलं, तेही इंग्रजीवर. अशा यंत्रांना शिकवायला हस्ताक्षरांचे संग्रह लागतात. इंग्रजीच्या आयएएम नावाच्या संग्रहात ६५७ माणसांची अक्षरं आहेत. हैदराबादच्या ट्रिपल आयटी या संस्थेचा देवनागरी संग्रह चांगला आहे, सुमारे ९५ हजार शब्द, पण लिहिणारी माणसं बारा. बारा हातांवरून तेरावा हात ओळखणं यंत्राला अवघड जातं. त्यात ही साधनं बहुतेक हिंदी मजकुरावर तयार होतात, आणि हिंदीत ळ नाही, दऱ्यातला ऱ्य नाही. ॲप नेमकं तिथेच का अडलं ते आता कळलं.

विनायक काका: ओंकार, तू लिहिलंस ते वाचून मला माझी छापखान्यातली वर्षं आठवली. १९८२ ते ८७ मी जुळारी होतो. खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवताना हीच अडचण. कलकत्त्याचा अखंड टाइप म्हणजे अक्षर पूर्ण उंचीचं ओतलेलं. मुंबईची डिग्री पद्धत म्हणजे वर मात्रा, मध्ये अक्षर, खाली उकार, तीन थरांत बसवायचं. डिग्रीत खिळे कमी लागायचे, पण थर जरा सैल राहिला की मात्रा अक्षरापासून सुटलेली दिसायची. निर्णयसागरचा टाइप का नावाजला? जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत छापखाना काढला, आणि त्यांच्याकडे राणोजी रावजी आरू यांच्यासारखा माणूस पोलादात अक्षर कोरत होता. त्यांच्या टाइपात मात्रा आणि अक्षर एका हाताने लिहिल्यासारखं दिसायचं. सावरकरांनी अ ची बाराखडी सुचवली, अि, अी, अु, तीही खिळे कमी करण्यासाठीच. तेव्हा लिपी यंत्राला जुळवून घेत होती. आईच्या अक्षराचं तसं करू नकोस एवढंच सांगतो. तिच्या हाताला जे आकार लागतात तेवढे सगळे घे, पाचशे झाले तरी चालतील.

ओंकार: घेतो काका. आणि मला शिरोरेषेचं विचारायचं होतं. आजी रेघ कधी काढते? अक्षराबरोबर की शब्द झाल्यावर?

विनायक काका: शब्द झाल्यावर. एका झटक्यात, डावीकडून उजवीकडे, शेवटी किंचित वर चढणारी. लांब शब्द असला की मध्ये एकदा हात उचलते, तिथे बारीक फट राहते. तिचे वडील मोडी लिहायचे, तिथे उलटं: आधी ओळभर रेघ, मग तिला टांगलेली अक्षरं.

ओंकार: हेच हवं होतं. फाँटात प्रत्येक अक्षराला आपापला रेघेचा तुकडा असतो, म्हणून ओळ फूटपट्टीने मारल्यासारखी येते. मी अक्षरं रेघेविना घेतो. शब्द जुळला की वरून रेघ वेगळी काढायची, शब्दाच्या लांबीप्रमाणे, शेवट चढता. आणि प्रत्येक अक्षराचे निदान तीन नमुने, आलटून पालटून. एका पत्रात पन्नास वेळा हुबेहूब तोच 'त' आला की डोळ्याला लगेच कळतं.

शर्वरी: ल आणि श आजीचेच राहू देत हं. माझ्या मुलीच्या लॅपटॉपवर ल उभ्या दांडीचा हिंदी वळणाचा येतो. ती विचारते, पणजीचा ल वेगळा का?

मेधा काकू: पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हेच मराठीचे, २०२२च्या शासन निर्णयातही तसंच आहे. लेकीला सांग, पणजीचाच बरोबर.

मंगळवार

मेधा काकू: काल रात्रभर विचार केला. वकील म्हणून एक सांगते, सगळ्यांनी नीट वाचा.

हस्ताक्षर कोणाचं आहे हे कोर्टात ठरवताना तज्ज्ञ लागतोच असं नाही. १८७२च्या पुरावा कायद्यात ४७वं कलम होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला तरी तरतूद तीच आहे. ज्याने त्या माणसाला लिहिताना पाहिलं आहे, किंवा ज्याला त्याची पत्रं येत राहिली आहेत, त्याचं मत ग्राह्य धरतात. म्हणजे या घरात सुमनताईंचा डोळा हा पुरावा आहे. चाळीस वर्षं आईंची पत्रं आली आहेत त्यांना. रविवारी त्यांचाच डोळा फसला, निदान फोन लावेपर्यंत. आणि ते तर कच्चं चित्र होतं. ओंकार नीट करेल तेव्हा कोणालाच ओळखता येणार नाही. आज आपण प्रेमाने करतोय, पण ती फाइल आणखी दहा जणांकडे गेली की जमिनीच्या कागदापासून चिठ्ठीपर्यंत काहीही त्या अक्षरात निघू शकतं.

म्हणून सही त्यात घालायची नाही. कधीच नाही. फाइल ग्रुपवर टाकायची नाही. आणि प्रत्येक पत्राखाली 'सांगितलं आईने, लिहिलं यंत्राने' अशी ओळ हवी.

सुमन आत्या: मेधा, माझ्या मनातलं बोललीस. मला आणखी एक हवं आहे. लिहायला अवघड जातंय, पण आत्ताच ठरलेलं बरं. आई नसेल तेव्हा त्या अक्षरात एकही नवं वाक्य लिहायचं नाही. कोणाच्या वाढदिवसाला नाही, लग्नाच्या पत्रिकेवर नाही.

शर्वरी: आई, पत्रिकेवर नुसतं नावही नाही? माझ्या मुलीच्या वेळी?

सुमन आत्या: नाही ग. तिने लिहिलेली शेकडो पत्रं आहेत. पत्रिकेवर काही हवं असेल तर त्यातली एखादी ओळ घे, तिने खरंच लिहिलेली. पण जे ती बोललीच नाही ते तिच्या हातून नको.

शर्वरी: बरं. पटलं.

ओंकार: पटलं आत्या. फाइल सांगलीच्या लॅपटॉपवरच राहील, बाबांकडे. माझ्याकडेही ठेवत नाही.

विनायक काका: मलाही मान्य.

बुधवार

बाबा: आईला सगळ्या अटी वाचून दाखवल्या. तिचं उत्तर तिच्याच शब्दांत लिहितो: "सही मी करीन. कापरी आली तर कापरी. पोरांना कळू दे हात कापतो ते. आणि खालची ओळ मेधाने सांगितली तशीच घाला, पण 'यंत्राने' नको, 'ओंकारने' लिहा. त्याने बसून केलंय."

आणखी म्हणाली, गेल्या वर्षीची कापरी अक्षरं घेऊ नका, चांगल्या दिवसांतली घ्या. तिला स्वतःला १९८५ ते २००० मधलं अक्षर आवडतं.

ओंकार: मग ठरलं. मला जुनी पत्रं आणि वह्या हव्यात. मोबाइलचा फोटो नको, ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन. कागद पिवळा असला तरी हरकत नाही, शाई वेगळी काढता येते. अक्षरांच्या बाह्यरेषा पोट्रेसने काढतो, फाँट करायच्या फाँटफोर्जमध्ये बसवतो. दोन्ही प्रोग्रॅम मोफत आहेत आणि घरच्या संगणकावर चालतात, काही कुठे चढवावं लागत नाही. शक्यतो शाईच्या पेनने लिहिलेली पत्रं द्या, बॉलपेनच्या पत्रांत आजीचा दाब दिसत नाही.

विनायक काका: माझ्याकडे लग्नानंतरची तीस-चाळीस पत्रं आहेत. मी स्वतः एकेक अक्षर निवडून खुणा करून देतो. चांगला 'क' कुठला हे यंत्राला विचारू नकोस, मला विचार.

शर्वरी: माझ्याकडची चौदा. उद्या लायब्ररीत जाऊन स्कॅन करते.

शनिवार

ओंकार: आतापर्यंत ३१० आकार झाले. पहिली चाचणी आजीला छापून दाखवली. बाबा, ती काय म्हणाली ते सांगा ना.

बाबा: चष्मा लावून दहा मिनिटं बघत होती. म्हणाली, 'श्री' माझा नाही, मी श्री काढताना वेलांटी खाली ओढून परत वर आणते. आणि दोन शब्दांमध्ये एवढी जागा मी सोडत नाही, कागद महाग होता आमच्या वेळी. बाकी मान हलवली.

ओंकार: श्री आणि जागा, दोन्ही आज दुरुस्त करतो. अजून काही अक्षरं मिळालीच नाहीत. ढ, झ, ज्ञ, आणि ठ ला उकार. आजीच्या पत्रांत ढ येतच नाही. सुमन आत्या, तू अजून काही पाठवलं नाहीस. तुला नको असेल तर तसं सांग, मी विनायक काकांच्या पत्रांवर भागवतो.

सुमन आत्या: नको नाहीये. पेटी काढून बसले आहे दुपारपासून. एक पत्र काढलं की पूर्ण वाचल्याशिवाय खाली ठेवता येत नाही, म्हणून वेळ लागतोय.

झ मिळाला, 'माझी आठवण'. ज्ञ मिळाला, 'ज्ञानेश्वरीचा तिसरा अध्याय झाला', त्यात आणखी एक झ.

ढ पण सापडला. १९९१, मे. "आंब्याची आढी लावली आहे, शनिवारी ये, रविवारी पिकतील." स्कॅन पाठवते.