आज्ञा पाळली आणि आनंद मिळाला, असं तुमच्या आयुष्यात कधी घडलं?

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय मी किती वेळा वाचला असेन, पण त्यातला क्रम फार उशिरा नजरेत भरला. प्रभू येशू शिष्यांना सांगतो, आधी प्रीती: पित्याने माझ्यावर केली तशी मी तुमच्यावर केली. मग आज्ञा: त्या पाळाल तर माझ्या प्रीतीत राहाल. आणि त्यानंतर, अकराव्या वचनात, आनंद. प्रभू हे बोलला ते वधस्तंभाच्या आदल्या रात्री. उद्या काय होणार हे ठाऊक असताना तो 'माझा आनंद' म्हणतो, तिथे मी दर वेळी थबकते.

माझा अनुभव आधी सांगते. धाकट्या बहिणीशी माझं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. कारण घराच्या वाटणीचं. एका रविवारी प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या आधी मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 5 व्या अध्यायातलं वचन वाचलं गेलं: वेदीजवळ अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी समेट कर. मी आजवर 'माझ्या मनात त्याच्याविरुद्ध' असं वाचत आले होते. तसं नाहीये ते. चूक कोणाची, हा प्रश्नच तिथे नाही. भाकरीचं ताट माझ्यापर्यंत आलं आणि मी ते तसंच पुढे दिलं.

घरी येऊन फोन लावला. ती उचलून काहीच बोलली नाही. पलीकडे ओले कपडे झटकल्याचा आवाज येत होता, तो थांबला. मी म्हटलं, "माझं चुकलं, मला माफ कर." बराच वेळ गेला. मग म्हणाली, "तुझा आवाज आईसारखा झालाय गं." बस, एवढंच. वाटणीचा विषय आजही तसाच आहे. पण त्या रात्री छातीवरचा दगड कोणीतरी उचलून नेल्यासारखं वाटलं, आणि आनंद म्हणतात तो हाच, हे मला कोणी सांगावं लागलं नाही.

तुम्हीही लिहा. मोठं काही घडलं असलंच पाहिजे असं नाही.

*

ताई, माझ्या बाबतीत आनंद लगेच नाही आला, हे खरं खरं सांगतो. मी हिशेब सांभाळतो. न झालेल्या कामाच्या बिलावर सही करायला सांगितलं, मी नाही म्हटलं. बढती गेली. पुढचे दोन महिने नुसती भीती. तेव्हा प्रेषित पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र (फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं) रोज वाचायचो. ज्या गावात पौल आणि त्याचा सोबती सीला यांना फटके मारून, पाय खोड्यात अडकवून कोंडलं होतं आणि ते मध्यरात्री गीतं गात होते, त्याच गावच्या मंडळीला तो पुढे लिहितो, 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा'. तेही कैदेतून. मुलीने एकदा विचारलं, "बाबा, तुम्ही सही का नाही केली?" मला तिच्या डोळ्यांत बघून उत्तर देता आलं. माझा आनंद त्या दिवसापासूनचा.

*

सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणावर आहेत. त्यांच्या पायाची नखं जाड झालीत, कोमट पाण्यात भिजवल्याशिवाय कापता येत नाहीत. सुरुवातीला दात-ओठ खाऊन करायचे. योहान 13 मध्ये प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्यांत त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही होते हे लक्षात आलं आणि हात हलका झाला. आता ती वीस मिनिटं आम्ही दोघी स्तोत्र म्हणतो. त्यांना शब्द जमत नाहीत, नुसता सूर धरतात.

*

मी जरा उलटं लिहितो. लहानपणापासून सगळ्या आज्ञा पाळल्या. उपासना चुकवली नाही, दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, देवाला काटेकोर दिला. पण मनात सतत धाक, की जरा चुकलो तर देव हात उगारणार. आनंदाबद्दल कोणी साक्ष दिली की मला रागच यायचा.

मग येशूच्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला (धाकटा मुलगा वाटणी उधळून परत येतो आणि बाप मेजवानी देतो) थोरला मुलगा माझ्या अंगावर आला. 'इतकी वर्षं चाकरी करतोय, तुमची एकही आज्ञा मोडली नाही', असं तो म्हणतो, आणि आत गाणं-बजावणं चाललेलं असताना बाहेर उभा राहतो. आज्ञापालनात त्याचं काही उणं नव्हतं. पण बापाजवळ राहून तो गडीच राहिला होता. आणि बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो! धाकट्याकडे धावत गेला हे सगळे सांगतात, थोरल्याची समजूत घालायलाही तो घराबाहेर आला हे कोणी मला आधी सांगितलंच नव्हतं. मी त्या दिवशी चाळीस वर्षांत पहिल्यांदा प्रार्थनेत काही मागितलं नाही, कबूलही केलं नाही. नुसता 'बाबा' म्हणालो. आज्ञा अजून त्याच पाळतो. 'त्याच्या आज्ञा कठीण नाहीत' हे योहान कशाच्या जोरावर लिहितो, ते आता उमगतंय.

*

सगळ्यांचं वाचलं. माझ्याकडे आनंदाची साक्ष नाही. यांना जाऊन सात महिने झाले. रोज एक स्तोत्र वाचायचं असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं, ते मी मोडलेलं नाही, इतकंच. आज 88 वं होतं.

*

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. 88 वं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही नाही, आणि तरी ते शास्त्रात आहे. मेलेल्या मित्राला, लाजराला, आता उठवणार हे माहीत असूनही प्रभू कबरेकडे जाताना रडला. त्यामुळे आनंद दाखवायची घाई इथे कोणी तुम्हाला करणार नाही. उद्या 89 वं. मोठं आहे, बावन्न वचनं. तुम्ही किती वाजता वाचता ते कळवा, त्या वेळी मीही इकडे तेच उघडून बसेन.