मदत हवी आहे: काळ्या पिल्लाला (मादी) नाव सुचवा, घरात एकमत होत नाहीये

परसदार

नमस्कार मंडळी,

साताऱ्यात पेठेतलं जुनं बैठं घर आहे. घरात सासूबाई, सासरे, आम्ही दोघं, नववीतली मुलगी आणि जाऊबाईंचा अडीच वर्षांचा मुलगा, जो झोपायला तेवढा स्वतःच्या घरी जातो. आमच्या दूधवाल्याच्या गोठ्यात पिल्लं झाली होती, त्यातलं एक आणलंय. मादी आहे. जातबित काही नाही, आपलं गावठी. अंग काळंभोर, छातीवर बोटभर पांढरं, पंजे तांबूस आणि दोन्ही डोळ्यांच्या वर एकेक तांबूस ठिपका. त्यामुळे झोपली असली तरी आपल्याकडे बघतेय असं वाटतं.

दूध सुटलंय, भाताबरोबर अंडं खाते, पहिली लस झाली. लसीच्या कार्डावर नावाच्या रकान्यात दवाखान्यातल्या मुलाने पेन्सिलीने 'पपी' लिहून दिलंय. पुढच्या डोसला पक्कं नाव सांगा म्हणालेत.

तिथेच घोडं अडलंय. मुलगी हाक मारते 'लूना'. ते ऐकलं की सासऱ्यांना त्यांची जुनी मोपेड आठवते आणि पॅडल मारत यवतेश्वरचा घाट चढल्याचे किस्से सुरू होतात. सासूबाईंच्या माहेरी खंडोबा कुलदैवत, तिकडे दारातला प्रत्येक कुत्रा वाघ्या. ही मादी, म्हणून 'वाघी'. नवरा सरळ 'काळी' म्हणतो, ते मला गल्लीत उभं राहून ओरडायला नकोसं वाटतं. सासरे नाव घेतच नाहीत, 'यू यू' करतात. छोटा 'भूभू'. आता पिल्लू फक्त 'यू यू'ला आणि ताटलीच्या आवाजाला येतं.

जुनी नावं म्हणावीत तर राणी, सोनी, छबी, ठकी, बेबी ही सगळी आमच्या नात्यातल्या बायकांकडे आधीच गेलेली आहेत. बेबीआत्या तर दिवाळीला येणारच. देवाचं नाव सासूबाईंना चालणार नाही. चप्पल पळवली की त्याच नावाने ओरडावं लागतं, हे त्यांचं म्हणणं मला पटतं.

तर विचारायचंय असं की:
१. नाव सुचवा. छोट्याला आणि सासऱ्यांच्या कवळीला, दोघांना जमेल असं.
२. चार जणांनी चार नावांनी हाक मारल्याने पिल्लाचं काही बिघडतं का? की आमचं ठरेपर्यंत चालेल?

शेंगदाणा_कूट

भाकरी. काळी म्हणताय म्हणून करपलेली भाकरी.

ओसरी

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण तो जास्त महत्त्वाचा आहे. बिघडत काही नाही, पण वेळ वाया जातो. कुत्र्याच्या लेखी नाव म्हणजे 'इकडे बघ, काहीतरी चांगलं होणार आहे' एवढीच खूण. ती खूण रोज बदलली तर त्याला ते घरातल्या माणसांच्या बडबडीसारखंच वाटतं आणि ते सोडून देतं. तुमची 'यू यू'ला येते, कारण तो एकच आवाज रोज एका माणसाच्या तोंडून एकाच सुरात येतो. सासरे बरोबर करताहेत, बाकीचे नाहीत.

नाव ठरलं की असं करा. पिल्लू दुसरीकडे बघत असताना एकदाच नाव घ्या. मान वळली की लगेच चिमूटभर उकडलेलं चिकन किंवा पनीर. मान वळली नाही तर नावाचा जप करू नका. जवळ जाऊन चुटकी वाजवा, बघितलं की खाऊ द्या. चार-पाच वेळा केलं की थांबायचं, दिवसात दोन-तीनदा पुरे. आधी शांत खोलीत, मग अंगणात, मग फाटकाबाहेर. आणि रागावताना नाव अजिबात घ्यायचं नाही. चप्पल पळवली तर 'सोड' म्हणा. एकदा नाव आणि ओरडा यांची सांगड बसली की हाक मारल्यावर कुत्रं येण्याऐवजी पलंगाखाली जातं. सासूबाईंच्या देवाच्या नावाच्या शंकेचंही आपोआप उत्तर मिळालं.

नाव दोन अक्षरी, शेवटी स्वर मोकळा, म्हणजे हाक लांबवता येते. 'बस', 'थांब', 'नको', 'ये' यांच्या जवळ जाणारं नको. मित्राने 'नोरा' ठेवलं आहे आणि तो दिवसभर 'नो, नोरा, नो' करत असतो.

आनर्त

डोळ्यांवर दोन ठिपके म्हणजे ही 'चतुरक्ष' झाली! ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाच्या दोन कुत्र्यांना चार डोळ्यांचे म्हटलं आहे, ते सरमेचे पुत्र म्हणून सारमेय. पारशी लोकांच्या अंत्यविधीत मृतदेह कुत्र्याला दाखवतात, त्या सगदीदसाठीही डोळ्यांवर असे ठिपके असलेलं कुत्रं चांगलं मानतात.

माझं मत 'सरमा', म्हणजे देवांची कुत्री. इंद्राच्या गायी पणी नावाच्या शत्रूंनी लपवल्या तेव्हा माग काढत रसा नदी ओलांडून गेली ती हीच. पणींनी बहीण मानतो, गायींतला वाटा देतो, असं आमिष दाखवलं, ती बधली नाही. गोठ्यात जन्मलेल्या कुत्रीला याहून योग्य नाव मला तरी सुचत नाही.

परसदार

आनर्त, नाव फारच आवडलं होतं. पण पलीकडच्या घरात शर्मा म्हणून बँकेतले गृहस्थ भाड्याने राहतात. सासऱ्यांच्या कवळीतून 'सरमा' आणि 'शर्मा' एकच बाहेर येतं. काल करून पाहिलं, ते खरंच खिडकीत आले.

ढगाआड

लायका! तीही रस्त्यावरचीच, मादीच. १९५७ च्या नोव्हेंबरमध्ये स्पुटनिक-२ या सोव्हिएत यानातून अंतराळात गेली.

मीठभाकर

@ढगाआड, आणि यान तापल्यामुळे काही तासांतच मेली. परत आणायची सोयच नव्हती त्यात. लहान मुलं असलेल्या घरात कोणीतरी 'लायका म्हणजे कोण' विचारणारच, तेव्हा काय सांगायचं? अंतराळातलंच हवं तर १९६० मध्ये जिवंत परत आलेल्या दोघी आहेत, बेल्का आणि स्ट्रेल्का. स्ट्रेल्काला पुढे पिल्लं झाली, त्यातलं एक अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या घरी गेलं. 'बेल्का' म्हणायला सोपं आहे.

ढगाआड

बरोबर आहे. बेल्का.

गडकोट

वाघ्याच ठेवा की सरळ. रायगडावर स्मारक आहे त्याचं.

ओसरी

@गडकोट, मादी आहे. आणि त्या स्मारकावरून, त्यातल्या कथेच्या खरेखोटेपणावरून वाद झालेत, पुतळा एकदा काढून परत बसवला गेलाय. तो विषय इथे नको, धाग्याला कुलूप लागेल.

जेजुरीचा_भंडारा

सासूबाईंच्या बाजूने एक मत. खंडोबाच्या चित्रांत घोड्याबरोबर कुत्रा असतोच, आणि वाघ्ये मंडळी स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात, पूर्वी कोटंब्यातलं, म्हणजे भिक्षेच्या भांड्यातलं अन्न तोंडाने खायचे. आमच्याकडे दारातल्या कुत्र्याला वाघ्या म्हणण्यात जिव्हाळाच असतो. पण मादी म्हणून कोणी उत्साहाने 'मुरळी' सुचवेल, ते मात्र ठेवू नका. देवाला वाहिलेल्या मुलींचं ते नाव, त्यांच्या वाट्याला जे आलं ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. 'वाघी' छान आहे.

परसदार

वाघी मलाही आवडतं. पण छोटा 'वा'च्या पुढे जात नाही आणि 'वा, वा' ऐकून पाहुण्यांना वाटतं त्यांचं कौतुक चाललंय.

ल्योंकर

मी फ्रान्समध्ये असतो. इथे जातिवंत कुत्र्यांच्या नोंदवहीत दर वर्षाला एक अक्षर ठरलेलं आहे. त्या वर्षी जन्मलेल्या पिल्लांची नावं त्या अक्षरावरून. अवघड सहा अक्षरं वगळून वीस वापरतात, म्हणजे वीस वर्षांनी चक्र पुन्हा फिरतं. २०२४ ला 'व्ही' होतं, २०२५ ला पुन्हा 'ए' आलं. त्यामुळे बागेत एखाद्या कुत्र्याचं नाव ऐकलं की त्याचं वय कळतं. जर्मनीत वर्षाचं नाही, वेताचं अक्षर असतं. एका पैदासकाराकडचं पहिलं वेत 'ए', दुसरं 'बी', असं.

माझ्या आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे नावरस नावच की! नक्षत्राच्या चरणावरून अक्षर काढायचं तसं. तुम्हीही अक्षर आधी ठरवून टाका. सगळा शब्दकोश समोर असला की कोणाचंच एकमत होत नाही. आमच्याकडे 'ए' आलं तेव्हा दहा मिनिटांत नाव ठरलं.

शेंगदाणा_कूट

दूधवाल्याला जन्मवेळ विचारा मग. नाडी बघा.

परसदार

@ल्योंकर, ही युक्ती कामाची आहे. छोट्याला कुठलं अक्षर येतं ते बघते. सध्या 'त', 'म', 'ब' नीट येतात. 'क'चा 'त' होतो.

तिन्हीसांज

मिरी. काळी, बारीक, तिखट. किंवा ठिपक्यांवरून टिकली, पण टिकली लांबवून हाक मारता येत नाही. गुंज पण सुचलं होतं, मात्र गुंज लाल आणि ठिपका काळा, तुमचं उलटं आहे.

जाता जाता, लोक तुम्हाला 'डॉबरमन क्रॉस आहे का' असं विचारणार. ठिपके बघून सगळेच विचारतात. असे ठिपके गावठी कुत्र्यांत पुष्कळ दिसतात, त्यासाठी डॉबरमन लागत नाही. आमच्याकडेही अशीच आहे, तिला विचारून विचारून लोक थकले.

चारभिंती

मी पण साताऱ्याचीच. ठिपके तांबूस म्हणताय ना? खरपूस भाजलेल्या कंदी पेढ्याचा रंग असेल बघा. 'कंदी' ठेवा. दोन अक्षरी, शेवटची ई लांबवता येते, कुठल्याही आत्याचं नाव नाही, देवाचं नाही. छोटा 'तंदी' म्हणेल, म्हणू दे, यमक तर जुळतंय.

ओसरी

कंदी चांगलं आहे. सुरुवातीचा 'क' खणखणीत आहे, शेवटी 'ई', आणि कुठल्याही हुकमाशी गल्लत नाही. छोट्याचं 'तंदी' सुद्धा पिल्लू शिकेल. घरातल्या एका माणसाचा उच्चार वेगळा असणं आणि प्रत्येकाचं नावच वेगळं असणं यात फरक आहे. पहिलं कुत्र्यांना सहज जमतं.

फक्त मंदा, नंदी असं गल्लीत कोणी नाही ना ते बघा. आणि कागदावर नाव लिहिण्याआधी दोन दिवस संध्याकाळी फाटकात उभं राहून प्रत्येकाने मोठ्याने हाक मारून पाहा. घरात गोड वाटणारी निम्मी नावं तिथे गळतात, कारण सोफ्यावर बसून नाव घेणं वेगळं आणि कुत्रं कचरागाडीमागे धावत असताना घेणं वेगळं.

आनर्त

सरमाला न्याय मिळाला नाही याची नोंद करून ठेवतो.

परसदार

मंडळी, सगळ्यांचे आभार. काल फाटकाची परीक्षा घेतली. 'मिरी'ला सासऱ्यांनी हाक मारली तर ते 'मी रे' असं ऐकू आलं आणि समोरच्या काकांनी 'कोण रे?' विचारलं. 'बेल्का' मुलीला आवडलं, पण सासूबाई दर वेळी 'बेल का?' म्हणून थांबतात, जणू कोणीतरी दाराची बेल वाजवली का विचारतंय. 'कंदी' मात्र चौघांनी एकसारखं म्हटलं. सासरेसुद्धा. म्हणजे 'यू यू कंदी' म्हणाले, पण म्हणाले. मुलगी तिच्या फोनमधल्या फोटोंखाली लूना लिहिणार आहे, ते तिचं तिने बघावं. सासूबाईंची अट आहे की चंपाषष्ठीला तिला वाघी म्हणून नैवेद्याचा घास द्यायचा. ते आम्ही मान्य केलंय.

एक शेवटची शंका. तिला 'यू यू'ची सवय लागलीय ती मोडायची का? सासऱ्यांची मोडणार नाही, हे आधीच सांगते.

ओसरी

मोडू नका, वापरा. नवं आधी, जुनं मागून. 'कंदी' म्हणायचं, क्षणभर थांबायचं, मग 'यू यू', आली की खाऊ. थोड्या दिवसांत ती 'यू यू'ची वाट न बघता नुसत्या 'कंदी'लाच वळायला लागेल. सासरे उलट्या क्रमाने म्हणताहेत, तेवढं फक्त त्यांना 'कंदी यू यू' करायला सांगा. क्रम उलटा राहिला तर ती नाव ऐकायच्या आधीच पोचलेली असेल आणि नाव शिकायचं राहील. मोठं झालेलं, दुसऱ्या घरून आलेलं कुत्रंही असंच नवं नाव घेतं, हिचं तर वयच काय.

मीठभाकर

नाव झालं, आता कामाचं बोलू. पुढच्या डोसला जाल तेव्हा नाव पेनाने लिहून घ्या आणि रेबीजची लस कधी ते विचारा, साधारण तीन महिन्यांची झाली की देतात. कार्डावर रंग आणि डोळ्यांवरचे ठिपके यांची खूणही लिहायला सांगा, हरवली तर उपयोगी पडते. आणि मादी आहे, तर नसबंदीचं आत्ताच विचारून ठेवा. सहाव्या महिन्यापासून कधीही माजावर येऊ शकते, आणि तुमच्या परसाची भिंत किती उंच आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही.

परसदार

कमरेएवढी. उद्याच विचारते.