‘प्रतिसैनिक दोन संच’ : यातला संच नेमका कशाचा?

लेखणीबहाद्दर : तैनात सैनिकांना रासायनिक हल्ल्यापासून बचावाची सामग्री किती द्यावी, याविषयीचा एक अमेरिकी अहवाल मी सध्या मराठीत आणत आहे. ‘प्रतिसैनिक दोन संच’ असे लिहून मी पुढे गेले होते, पण संपादकांनी समासात ‘संचात काय काय?’ असे विचारले आणि गाडी अडली. कोळशाचा थर असलेला अंगरखा व विजार, मुखवटा, हातमोजे आणि बुटांवर चढवायची आवरणे, एवढे सगळे त्यात येते. मात्र मुखवटा ज्याच्या त्याच्या चेहऱ्यावर तपासून एकदाच दिला जातो, त्याचा फिल्टर अधूनमधून बदलतात आणि पोशाख तर चक्क संपतो : जेएसलिस्ट नावाच्या पोशाखाची मोहोरबंद पिशवी फोडली की तो ४५ दिवस अंगावर वापरता येतो, आणि विषारी द्रव्याचा संसर्ग झाला की त्याचा भरवसा जेमतेम २४ तासांचा. मग दोन कशाचे मोजायचे?

जुनी वही : ‘जोड’ म्हणावे. बदलायच्या कपड्यांना आपण जोडच म्हणतो आणि ‘अंगावर एक, दोरीवर एक’ हा हिशोबही त्यात आपोआप येतो. मुखवटा जोडात येत नाही, म्हणजे तोही प्रश्न सुटला.

कात्रणवाला : तिथेच तर घोळ आहे. जोड धुऊन पुन्हा घालायचा असतो. हा पोशाख विष न लागलेला असेतो सहा वेळा धुता येतो हे खरे, पण मस्टर्ड या विषारी युद्धरसायनाचे थेंब पडलेला पोशाख दोरीवर जात नाही, तो टाकूनच द्यावा लागतो. वाचकाला ‘जोड’ शब्दाने दिलासा मिळेल आणि तो खोटा असेल. ‘संच’च ठेवा, आणि पोशाख, फिल्टर, हातमोजे यांचे आकडे वेगळे द्या.

शुद्धमती : आकड्यांचे नंतर पाहू, आधी ‘मास्क’ आणि ‘फिल्टर’ हे उसने शब्द काढा. शिरस्त्राण आणि पादत्राण आपल्याकडे आहेतच, त्यांच्या पंगतीत ‘मुखत्राण’ सहज बसेल. फिल्टरला ‘गाळणी’ म्हणावे.

कात्रणवाला : गाळणीत गाळ अडतो. इथे विषारी वाफ कोळशाच्या पृष्ठभागावर धरून ठेवली जाते. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात त्याला ‘अधिशोषण’ म्हणतात. शिवाय मूळ प्रश्नात मास्क नव्हताच, मुखवटाच होता.

शुद्धमती : मुखवटा सोंगाला. सैनिक सोंग आणत नाही.

वाटाड्या : ‘त्राण’ची गंमत अशी की संस्कृतात ते रक्षण आणि मराठीत ती अंगातली ताकद. या सामग्रीत दोन्ही अर्थ एकमेकांवर उठतात. अमेरिकी सैन्यात उष्माघाताचा अंदाज घेताना, पूर्ण पोशाख घातला असेल तर उष्णता निर्देशांकात किमान १० अंश फॅरनहाइट वाढवून धरतात. त्राण चढवले की त्राण जाते! म्हणूनच त्यांच्याकडे शून्य ते चार असे टप्पे आहेत : शून्यावर सामग्री हाताशी, चारवर सगळी अंगावर. या टप्प्यांना मी ‘पवित्रा’ म्हणेन.

जुनी वही : पवित्रा पट्टेबाजाचा, आणि हल्ली पुढाऱ्यांचा. वर्तमानपत्रांनी तो इतका ‘आक्रमक’ करून ठेवला आहे की ‘बचावाचा पवित्रा’ म्हटले की माघारच वाटते. ‘सज्जता’ काय वाईट?

लेखणीबहाद्दर : टप्पे घेतले तरी माझे दोन तसेच राहतात. अहवालाचा सगळा भर पिशवी केव्हा फोडायची यावर आहे. २००३ मध्ये इराकमध्ये शिरताना अमेरिकी सैनिकांनी हे पोशाख अंगावर चढवले होते; रासायनिक हल्ला झाला नाही, तरी ४५ दिवसांची मोजणी सुरू झालीच.

कात्रणवाला : म्हणजे पोशाख ‘वापरला’ नाही, ‘खर्ची पडला’. दारूगोळ्यासारखा तो खर्चाच्या खात्यात मांडा आणि मुखवटा जमेच्या. किती द्यायचे हे धोक्यावरून ठरते, पण कमी देण्याचा निर्णय ही जोखीम असते. भाषांतरात हे दोन शब्द कृपया एकमेकांच्या जागी घालू नका.

शुद्धमती : ‘जोखीम’ही मराठी नव्हे, असे कोणी म्हणण्याआधी सांगते : मला चालेल. ‘फिल्टर’ मात्र चालणार नाही.

वाटाड्या : मग ‘अधिशोषक डबी’ म्हणा, आणि ती प्रतिसैनिक किती हे लिहून दाखवा.